एकवीस आणि बावीसच्या मध्ये

राजश्री मॅडमनी दोन्ही याद्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेक नाव शोधून त्यापुढे लाल पेनाने खूण करायला सुरुवात केली. एका यादीवर ग्रामपंचायतीचा शिक्का होता. दुसरी ज्ञानेश्वरीच्या हातची, निळ्या शाईची, पट्टीने समास आखलेली. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू बघायचे, की मॅडम ते कोपराने दाबून धरायच्या. शेवटी शिक्क्याच्या यादीत एक नाव खुणेवाचून उरलं.

"पंचायतीची घरं त्रेसष्ट, तुझी बासष्ट," मॅडम म्हणाल्या. "एक घर कुठं सांडलंस?"

"नाही मॅडम. मी पायी फिरून मोजलीत. प्रत्येक चौकटीवर खडूनं आकडा घातलाय."

"मग ह्या कोण? सगुणा महिपत रेवाळे."

ज्ञानेश्वरी कागदाकडे बघत राहिली. ते नाव तिने लिहिलेलं कधी पाहिलंच नव्हतं. वाडीत ते कुणी उच्चारत नसे. 'तिकडलं घर' म्हणत, आणि तेही म्हणायची वेळ आलीच तर मान तिकडे न वळवता म्हणत.

"मॅडम," ती म्हणाली, "मला ते घर दिसलंच नाही."

हे खोटं असतं तर बरं झालं असतं. पण ते खरं होतं.

बीएच्या शेवटच्या वर्षाला सामाजिक संशोधन पद्धतींचा पेपर होता आणि त्याला जोडून चाळीस गुणांचा प्रकल्प. प्रत्येकाने एक वाडी घ्यायची. आधी सगळी घरं मोजून त्यांना आकडे द्यायचे, मग एक ते सातातली एक चिठ्ठी उचलायची, आणि त्या आकड्यापासून दर सातव्या घरात प्रश्नावली घेऊन जायचं. ज्ञानेश्वरीला एकची चिठ्ठी आली होती. एक, आठ, पंधरा, बावीस, असं पुढे. "कुठल्या घरात जायचं ते आपण ठरवायचं नसतं," मॅडम वर्गात सांगत. "आपण म्हणजे आपलं मन. आणि मन भित्रं असतं. ते ओळखीच्या अंगणातच जाऊन बसतं."

ज्ञानेश्वरीने आपलीच वाडी घेतली. रत्नागिरीच्या स्टँडवरून मिरजोळ्याच्या पुढे एसटीने पाऊण तास, मग तांबड्या दगडांची चढण. घरं मोजायला निघाली तेव्हा तिने क्रम लावला तो वाडीतल्या कुणीही लावला असता तोच, शिमग्यात पालखी ज्या क्रमाने घरोघर जाते तो. लहानपणापासून पालखीमागे धावून तो तिच्या पायांना पाठ झाला होता. देवळाकडून निघायचं, विहिरीवरून वर चढायचं, आणि एकविसाव्या घरापुढे मोठ्या फणसापाशी डावीकडे वळायचं. फणसापासून सरळ जाणारी एक पायवाट आहे. पण अकरा वर्षांत पालखी तिकडून गेलेली नाही. भोई फणसाला वळसा घालतात, ढोल तेवढ्यापुरता जरा जोरात वाजतो, आणि पुढचं घर येतं. हातात खडू घेतलेली ज्ञानेश्वरीही तशीच वळली होती. वही उघडी, डोळे उघडे, आणि वळताना एकदाही पाय अडखळला नव्हता.

"त्या वाळीत आहेत, मॅडम," ती आता हळूच म्हणाली. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी हळूच.

"कशासाठी?"

"त्यांच्या काजूच्या उतारातून वाडीनं रस्ता काढला. महिपतकाका पोलिसांत गेले. वाडीचं भांडण वाडीबाहेर नेलं म्हणून."

"आणि ते काका?"

"गेले. सात वर्षं झाली. खांदा द्यायला त्यांच्या कंपनीतली माणसं टेंपोतून आली होती. आम्ही..." ती थांबली. "आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "याला आता कायदा आहे, ज्ञानेश्वरी. हा गुन्हा आहे."

"माहीत आहे, मॅडम. पण कायदा मांडव घालायला येत नाही."

आणि मग तिने सांगून टाकलं. तिच्या भावाचं, अनिलचं, लग्न बारा दिवसांवर आलं होतं. वाडीतलं लग्न एका घराचं नसतं. मांडव वाडी घालते, पाणी वाडी भरते, हजार माणसांचा भात वाडीच्या भांड्यांत वाडीचे हात शिजवतात. सगुणाकाकीशी जो बोलेल, तिच्या अंगणात जो जाईल, त्याच्याही दारापुढून पालखी वळेल, असं ठरलेलं होतं. कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज पडली नव्हती.

मॅडमनी शिक्क्याच्या यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हे घर तुझ्या एकवीस आणि बावीसच्या मध्ये येतं. म्हणजे खरं बावीस हेच. नेमकं नमुन्यातलं. पुढचे सगळे आकडे एकानं सरकतात, आणि बावीसपासूनचे तुझे सहा फॉर्म बाद."

"तुम्हीच सांगितलं होतंत, संशोधनामुळे कुणाला इजा होता कामा नये."

"उत्तर देणाऱ्याला."

"आणि विचारणाऱ्याला?"

"तुमच्या वर्गातल्या समर्थला पाठवते," त्या म्हणाल्या. "तो इथला, शहरातला. त्याला कोण ओळखतं तिकडे?"

"त्याला वाट कुणी दाखवली, हे मात्र ओळखतील."

बाहेर मुलांचा एक घोळका हसत गेला. मॅडम उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या. "नियम असा आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी गेलीस आणि कुणीच भेटलं नाही, तर कोड तीन. घर बंद. प्रत्येक भेटीची तारीख आणि वेळ लिहायची." मग त्या म्हणाल्या, "तिथे मी तपासायला येत नाही."

ज्ञानेश्वरीने याद्या उचलल्या. मॅडमनी पळवाटेचं दार उघडून दिलं होतं, पण त्या दारातून जाताना तिला वाकून जावं लागलं.

*

"चाळीस मार्कांपायी दादाचं लगीन मोडायला निघालीस काय गो?" आई म्हणाली.

कमळा पडवीत सूप घेऊन बसली होती. लग्नाचे तांदूळ निवडायचे होते. चार पोती शेजारच्या बायका येऊन निवडून गेल्या होत्या, हे पाचवं घरचं. समोर भिकाजी, ज्ञानेश्वरीचे बाबा, मांडवाच्या मेढींची मापं दोरीला गाठी मारून ठेवत होते.

"मोडायला कशाला निघेन? विचारतेय फक्त."

"विचारतेस तेच चुकतंय. बाबल्यातात्यानं आत्ताच सांगून ठेवलाय, सोमवारी मेढी रोवायला सगळी वाडी येणार म्हणून. त्याच्या कानावर गेलं तर एक माणूस फिरकणार नाय. मुलीकडची काय म्हणतील? नवऱ्यामुलाच्या दारात मांडव नाय?"

"तिचा काय गुन्हा होता, आई? रस्ता त्यांच्या जमिनीतून..."

"आता तू मला शिकव."

"घर बंद हाय म्हणून लिही," बाबा दोरीकडे बघत म्हणाले. "तसं पण बंदच हाय ते."

"बंद नाही, बाबा. दार उघडं असतं. धूर दिसतो."

बाबांनी गाठ मारली. ती चुकली होती. सोडून पुन्हा मारली.

"तिच्या अंगणात पाय टाकलास," आई म्हणाली, "तर ह्या उंबऱ्याच्या आत घेणार नाय. सांगून ठेवते, बाय." आणि तिने सूप असं झटकलं की निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत जाऊन पडले. ती बोटाने ते वेगळे करत राहिली. तांदूळ तांदळांतून वेगळे करायला गेलं तर कसे होणार? पण ती करत राहिली.

*

पहिल्या भेटीला ज्ञानेश्वरी सकाळी आठ वाजता फणसापर्यंत गेली. फणसापलीकडे पायवाट गवतात बुडाली होती, पण नाहीशी झाली नव्हती. एका माणसाच्या रोजच्या जाण्यायेण्याने राखलेली, एका पावलाच्या रुंदीची. टोकाला कौलारू घर आणि अंगण. अंगणात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या आणि एक बाई अनवाणी पायाने त्या खालीवर करत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, जशी शेतात नांगराची तासं.

ज्ञानेश्वरीने वही काढली. 'भेट पहिली. सकाळी ८.१०. घर बंद.'

दुसऱ्या भेटीला संध्याकाळी. उन्हं कलली होती. बाई पाटीत बिया भरत होती. तिने मान वर केली असं ज्ञानेश्वरीला वाटलं, आणि ती फणसाच्या बुंध्याआड सरकली. तिथेच, झाडाच्या सालीवर वही टेकून तिने लिहिलं. 'भेट दुसरी. ५.४०. घर बंद.' साल खडबडीत, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं. घरी येऊन ते खोडून नीट लिहावं असं तिच्या मनात आलं. पण नीट लिहून तरी काय ते नीट होणार होतं?

कागदावर तिने सगळे आकडे एकाने पुढे सरकवून घेतले होते. चौकटींवर मात्र जुनेच होते. कागद मॅडमना दाखवायचा, चौकटी वाडीला. दोन्हीकडे सगळं बरोबर दिसणार होतं.

तिसरी भेट रविवारी दुपारी. वाडी जेवून आडवी झाली होती. फणसापाशी पोचून तिने वही उघडली, घड्याळात पाहिलं आणि 'भेट तिसरी' एवढं लिहिलं.

"किती वेळा येऊन झाडाला टेकून जाशील गो?"

आवाज मोठा नव्हता. मोठ्याने बोलायची सवय सुटलेल्या माणसाचा होता.

"झाडाला कवळे फणस लागलेत, त्यांची मोजणी करतेस काय? तीनशे असतील. लिही."

ज्ञानेश्वरी झाडामागून पुढे आली. सगुणाकाकी अंगणाच्या कडेला उभी होती, कमरेवर हात ठेवून. ज्ञानेश्वरीला ती आठवत होती ती काळ्याभोर केसांची, हातात कायम कुणाचं तरी मूल घेतलेली. केस आता मानेपाशी पांढरे झाले होते. हात रिकामे असले तरी तिने ते अजून तसेच, काहीतरी तोलून धरल्यासारखे ठेवले होते.

"भिकाजीची ना तू? धाकटी?"

"हो, काकी."

तो शब्द तोंडातून निघून गेला. निघाल्यावर परत घेता येईना. मागे वाट होती, पुढे अंगण होतं. ज्ञानेश्वरीने एकदा मागे पाहिलं आणि मग त्या एका पावलाच्या वाटेवर एकामागून एक पाय ठेवत ती चालत गेली.

सगुणाकाकीने तिला बस म्हटलं नाही. आत ये म्हटलं नाही. स्वतः पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि ज्ञानेश्वरी वाळत्या बियांच्या अलीकडे. दोघींच्या मध्ये चार हात काजू.

"बोल. काय विचारायचाय?"

ज्ञानेश्वरीने पिशवीतून फॉर्म काढला. पहिलं पान वाचून दाखवायचंच असतं, ते तिने वाचलं. मी अमुक, या अभ्यासासाठी आले आहे. आपलं नाव कुठेही छापलं जाणार नाही. भाग घ्यायचा की नाही हे सर्वस्वी आपल्या इच्छेवर आहे. आपण केव्हाही नकार देऊ शकता, आणि त्याचं कारण सांगण्याची गरज नाही.

"काय म्हणालीस?"

"कारण सांगायची गरज नाही."

"त्याच्या आधी."

"आपण केव्हाही नकार देऊ शकता."

सगुणाकाकी हसली. हसू आधी खांद्यांत आलं, मग तोंडावर. "नाय म्हणता येतं?"

"हो."

"मी नाय म्हटलं तर तू काय करणार?"

"इथे लिहिणार. कोड दोन, नकार."

"आणि मग हे घर मोजलेलं, की न मोजलेलं?"

वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "मोजलेलं," ती म्हणाली. "नकार आला तरी घर मोजलं जातं. तक्त्यात त्याची वेगळी ओळ असते."

"ओळ असते." काकीने पायाच्या अंगठ्याने एक बी उलटली. "अकरा वर्षांत मला कोणी काय विचारलंच नाय, बाय. नाय म्हणायला पण आधी कोणी विचारावं लागतं." मग ती खाली बघत, गाणं नव्हे, बोलणंही नव्हे, अशा चालीत म्हणाली:

"अंगणी माझ्या बाई, वाळे काजूची बी,
येणारं कुणी नाही, उन्हावाचून."

"तुम्ही जोडलंत?"

"काम करताना तोंड गप बसत नाय. पुढची ओळ धरायला दुसरी बाई लागते, ती नाय, म्हणून दोनांतच संपतं." तिने पदराने कपाळ पुसलं. "लिही. नाय म्हणाली म्हणून लिही."

"काकी, प्रश्न सोपे आहेत. अर्धा तास..."

"अर्धा तास तू हितं उभी राहणार. घरात लगीन. मला वाऱ्यावर कळतं सगळं." ती जरा कठोर झाली. "आणि तुला दया आली म्हणून काय मी उत्तरं देऊ? नाय म्हणजे नाय. बघू, कसं लिहितेस."

ज्ञानेश्वरीने फॉर्मवर दोनच्या आकड्याभोवती गोल केला आणि कागद उलटा करून दाखवला. काकी बियांवरून वाकून, डोळे बारीक करून त्या गोलाकडे बघत राहिली. तिला वाचता येत होतं की नाही, हे फॉर्ममधल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं. ते आता कधी कळणार नव्हतं.

"झालं," काकी म्हणाली. "आता आकडा घाल."

"आकडा?"

"सगळ्यांच्या चौकटींवर घातलास तो. त्या दिवशी बघत होते मी हितनं. फणसाखालच्या घराला एकवीस घातलास, वळलीस, आणि गंगाच्या घराला बावीस. मी दार पुसून ठेवलं होतं." तिने हे सांगितलं ते रागाने नव्हे. काल कोंबडी कुठे अंडं घालून गेली, ते सांगावं तसं. "आता ह्या दाराला काय घालणार? एकवीस नि बावीसच्या मध्ये आकडा असतो काय?"

"नसतो."

"मग?"

ज्ञानेश्वरीने पिशवीच्या तळाशी हात घातला. खडू मोडून बोटाच्या पेराएवढा उरला होता. बियांना वळसा घालून ती पायरी चढली. चौकट सागाची, जुनी, तेलपाण्याने काळी झालेली. अगदी स्वच्छ होती. तिने चवड्यांवर उंच होऊन बावीस लिहिलं. दोन. दोन. काळ्या लाकडावर पांढरं ठसठशीत उठलं.

सगुणाकाकीने आकड्याला हात लावला नाही. हवेतच, त्याच्याजवळून बोट फिरवलं. मग म्हणाली, "जा आता. उन्हाची उभी राहू नकोस."

*

फणसापाशी ज्ञानेश्वरी थांबली. वहीत 'भेट तिसरी' पुढे जागा कोरी होती. तिथे तिने वेळ लिहिली, 'नकार' लिहिलं, आणि वरच्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली. हे एवढं करून घरी गेलं असतं तरी चाललं असतं. सगुणाकाकीच्या दाराकडे वाडी बघत नव्हती. तिथे बावीस होतं हे कुणाला कळणार होतं?

पण पुढच्या घरावरही बावीसच होतं.

गंगाआत्या ओटीवर पाय पसरून बसली होती. ज्ञानेश्वरीने ओढणीचं टोक ओलं केलं आणि तिच्या चौकटीवरचा आकडा पुसायला घेतला, तशी ती ताठ झाली.

"पुसतेस कशाला गो? मी पोराटोरांना हात लावू दिला नाय त्याला."

"चुकला होता, आत्या. तुमचा तेवीस."

"आणि माझी मुलाखत? तासभर बसून सांगितलं सगळं. सासूपासनं."

"ती बाद झाली."

"बाद? अगो, माझ्या सासूला पण बाद केलंस?" गंगाआत्या हसायला लागली, आणि हसता हसता मध्येच थांबली. तिची नजर फणसाकडे गेली, तिथून ज्ञानेश्वरीच्या हातातल्या खडूकडे आली. "बावीस कोणाचा मग?"

"मध्ये एक घर राहिलं होतं."

गंगाआत्याने पसरलेले पाय जवळ घेतले.

त्यापुढचं घर बाबल्यातात्यांचं. वाडीचे मानकरी तात्या, पडवीत आरामखुर्चीत पडून मोबाइलवर कुणाला तरी मांडवाच्या माणसांची नावं सांगत होते. ज्ञानेश्वरी पुसायला लागली तेव्हा त्यांनी फोन कानापासून दूर धरला.

"काय चाललाय, पोरी?"

"तुमचा चोवीस, तात्या. आधी तेवीस घातला होता, तो चुकीचा."

"तेवीसच हाय आमचं. पालखीत तेविसावं घर. बापजाद्यांपासनं..." बापजाद्यांचं नाव तोंडात आलं आणि तात्यांना बापजाद्यांच्या वेळची मोजणी आठवली असावी. तेव्हा फणसापलीकडचं घरही मोजलं जायचं. खुर्ची करकरली. "कुठनं आलीस आता?"

"बावीस नंबरच्या घरातून."

चोवीसातला चार लंगडा आला. तिने तो पुसून पुन्हा लिहिला. पाठीमागे तात्या फोनवर म्हणत होते, "थांब जरा. ती नावं आता नको लिहू. सोमवारचं मग सांगतो."

तिसरं घर तिचं स्वतःचं होतं.

आई दारातच उभी होती. गंगाआत्याचा आवाज वाडीत सगळ्यांच्या आधी पोचतो. पडवीत दोरीच्या गाठी तशाच पडल्या होत्या, बाबा दिसत नव्हते. आईच्या डोक्यावर, चौकटीच्या मधोमध, चोवीस होता. आपल्या घराचा म्हणून तिने सगळ्यांत रेखीव काढलेला.

ज्ञानेश्वरी पायरीच्या खाली थांबली. वर चढली नाही.

"गेलीस," आई म्हणाली.

"हो."

"बसलीस?"

"नाही. तिनं बस म्हटलं नाही."

"काय सांगितलं?"

"काहीच नाही. उत्तरं देणार नाही म्हणाली. नाय म्हणाली."

"नाय म्हणाली?" आईच्या कपाळावरच्या आठ्या होत्या तिथेच राहिल्या, पण आवाज बदलला. "सगुणा? सगुणा नाय म्हणाली?"

"हो. तसंच लिही म्हणाली."

"कोणाच्या दारात मांडव असो, बाळंतपण असो, हाक मारली नि ती नाय म्हणाली असं नव्हतं कधी. तुझ्या वेळी पावसात रात्रभर..." आईने वाक्य तिथेच सोडलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती. बाबल्यातात्या आपल्या पडवीतून उठून उभे राहिले होते, आणि आणखी दोघं तिघं त्यांच्या अंगणात येत होते. दुपारचं ऊन त्यांच्या डोक्यांवर सरळ पडत होतं.

ज्ञानेश्वरीच्या मुठीत खडूचा घामाने चिखल होऊ लागला होता. या घरापुढे अजून अडतीस घरं होती.

आईने पदराचं टोक हातात घेतलं. ते तोंडाशी नेऊन ओलं केलं. मग टाचा उंचावून, वर हात करून, तिने चौकटीवरचा चोवीस पुसून काढला. एकदा पुसला. अंधुकसा उरला म्हणून पुन्हा पुसला. लाकूड कोरं झालं तरी तिचा हात क्षणभर तिथेच राहिला.

"मांडववाला आता रत्नागिरीचाच बघावा लागणार," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.